आईच्या हातावरची अर्धी तुळस

लेकीच्या लग्नाच्या वेळी आमच्या फ्रिजच्या दारावर याद्याच याद्या होत्या. आहेराची, पाहुण्यांच्या झोपायच्या सोयीची, केटररला विचारायच्या प्रश्नांची, आणि सगळ्यांच्या वर हळदीच्या दिवसाची. तो दिवस ठरवताना मी पंचांगाच्या आधी नळाचं वेळापत्रक पाहिलं होतं. ज्या दिवशी आमच्या गल्लीला पाणी, त्याच दिवशी घरभर पाहुणे, असा माझा हिशेब होता. नवरा सगळ्यांना सांगत फिरला की आमच्या घरचा मुहूर्त नळानं काढून दिलाय. त्याला हसू द्यायला माझी हरकत नव्हती. टाकी भरलेली असली की मला कुणाचंही हसणं चालतं.

या सगळ्या याद्यांत आईचा हात कुठंच नव्हता.

हळदीला महिना असताना आई पिशोरहून एसटीनं आली ती बोरांची पिशवी घेऊन. नातीला बोरं आवडतात म्हणून तिनं शेताच्या बांधावरच्या बोरीवरून स्वतः तोडून आणली होती. आल्याआल्या चहा झाला, गावाकडच्या सगळ्यांची खुशाली सांगून झाली, बोरं वाटून झाली. हे सगळं तिनं उजव्या हातानं केलं. डावा हात पदराखालून बाहेर आला नाही. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. बाकाखाली हात लपवून बसलेली पोरं मी रोज बघते. मी म्हटलं, "आई, डावा हात दाखव."

"काय नाय त्याला. बोरीचा काटा लागला व्हता, काढला."

काढला नव्हता. म्हणजे अर्धा काढला असेल. मनगट आणि कोपराच्या मधला हात लाल, गरम आणि फुगलेला. ज्वारीच्या पिठात हळद घालून तिनं पोटीस बांधली होती आणि वर जुन्या धोतराची पट्टी. पट्टी सोडली तर सूज नेमकी तुळशीवर आलेली होती.

ही तुळस म्हणजे तिचं गोंदण. आई आणि माझी मावशी लहान असताना एका जत्रेत गोंदणाऱ्या बाईसमोर बसल्या होत्या. आधी कुणी बसायचं यावरून रडारड झाली, आणि दोघींनी एकमेकींचा हात असा घट्ट धरला की सुटेना. ती बाई वैतागली आणि म्हणाली, धरा तर मग तसाच. तिनं शेजारीशेजारी टेकवलेल्या त्या दोन हातांवर मिळून एकच तुळशीवृंदावन गोंदलं. अर्धं वृंदावन आणि अर्ध्या मंजिऱ्या मावशीच्या उजव्या हातावर, उरलेलं अर्धं आईच्या डाव्या हातावर. पुढं मावशी पैठणला दिली, आई पिशोरला. तुळस मध्येच फाटून दोन गावांत नांदायला गेली.

तेव्हापासून आमच्याकडं एक रीत पडली आहे. घरात कुणाचीही हळद असली की दोघी बहिणी शेजारी बसून हात जोडतात, तुळस पुरी करतात, आणि नवरीनं हळदीचं पहिलं बोट त्या जोडावर लावायचं. मग तिला हळद. माझ्या हळदीच्या फोटोंत मी कमी आणि त्या दोघींचे हात जास्त आहेत. आता माझ्या लेकीची पाळी होती, आणि आईच्या वाटच्या तुळशीखाली पू झालेला होता.

त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझा जुना विद्यार्थी, आता चांगला सर्जन झालाय, पण मला बघितलं की अजून खुर्चीवरून उठतो. त्यानं हात दाबून पाहिला, ताप पाहिला, साखर तपासली. साखर ठीक निघाली. मग त्यानं सांगितलं की आत काट्याचा तुकडा राहिलाय, भोवती पू साठलाय, नुसत्या गोळ्यांनी हे जाणार नाही. चीर देऊन बाहेर काढावं लागेल, आणि लवकर.

"हळद झाली की काप," आई म्हणाली.

त्यानं समजावलं की तोवर थांबलं तर पू वर चढेल, रक्तात जाईल, मग हाताचं राहू दे, जिवावर येईल. आईनं त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळली. "याला तूच शिकवलं ना?"

मी हो म्हटलं.

"मग पास कसा झाला?"

सगळ्यात जास्त तोच हसला. पण हसून झाल्यावर त्यानं गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की उद्या सकाळी घेऊन या, त्याच्या पुढं मी थांबणार नाही.

घरी येताना रिक्षात आई पदराखालचा हात जपत बसली होती. मला वाटलं हळदीचीच काळजी आहे. मी म्हटलं, रीत काय, एखाद्या वेळी नाही झाली तरी चालतं. तेव्हा तिनं खरी गोष्ट सांगितली. माणूस जातं तेव्हा दागिना, लुगडं, शेत सगळं इथंच राहतं, अंगावरचं गोंदण तेवढं बरोबर जातं, असं ती लहानपणापासून ऐकत आलेली. मावशी थोरली. ती आधी जाईल की आई, हे कुणाला माहीत. पण जी कुणी मागून जाईल तिनं आपला अर्धा भाग पुढं केला की झालं, असं दोघींनी केव्हाचं ठरवून ठेवलेलं होतं.

"माही तुळस कापली गेली," ती म्हणाली, "तर तिकडं अक्काला मी वळखू कशी येईन?"

घरी आल्यावर मी सवयीनं एक कागद घेतला आणि आईला कसं पटवायचं त्याचे मुद्दे काढले. रक्तात विष होण्याची भीती. भावाचा फोन. नातीचं रडणं. दुपारच्या जेवणापर्यंत तिन्ही करून झाले आणि तिन्हींवर काट मारावी लागली. भावाला तिनं कापसाचा भाव विचारला. नातीचे डोळे पदरानं पुसले आणि तिला बोरं दिली.

जेवणं झाल्यावर मी मेथी निवडायला बसले. आई समोर, एका हातानं निवडत. सूज बघत बघत ती म्हणाली, हा पू म्हणजे नेमकं काय असतं गं? शिकवणाऱ्या बाईला असं कुणी विचारलं की ती थांबत नाही. मीही थांबले नाही.

मी सांगितलं की आपल्या कातडीखाली काही पेशी कायम मुक्कामाला असतात. मॅक्रोफेज म्हणतात त्यांना, म्हणजे भक्षक पेशी. काम एकच, आत आलेलं परकं काही दिसलं की गिळायचं. काट्याबरोबर जंतू आले, यांनी ते गिळायला घेतले, आणि जमेना तेव्हा हाका मारल्या. त्या हाकेनं तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणून हात लाल आणि गरम होतो. वाहिन्यांतून पाणी झिरपतं, म्हणून सुजतो. मग रक्तातून दुसऱ्या पेशी धावत येतात, जंतूंशी लढतात आणि मरतात. मेलेल्या पेशी, मेलेले जंतू, सगळा चिखल, तो पू. तो चिखल खाऊन साफ करायचं कामही पुन्हा भक्षक पेशींचंच.

"मग खाऊ दे की त्यांना. कापायचं कामून?"

म्हटलं, चिखल लई झालाय. आणि काटा त्यांना गिळता येत नाही, फार मोठा पडतो. मग त्या एकमेकींना चिकटतात, चार-दहा जणींची मिळून एक मोठी पेशी होते आणि काट्याला घेराव घालून बसतात. बसतात, पण बाहेर फेकू शकत नाहीत. डॉक्टर फक्त दार उघडून देणार आहे.

आईनं मेथीची काडी बाजूला ठेवली. मला वाटलं पटलं. पण ती वेगळ्याच ठिकाणी पोचली होती.

"या समदं गिळतात म्हणतीस. मग माही तुळसबी गिळतील ना?"

वर्षानुवर्षं मी हा धडा शिकवत आलेय, पण हा प्रश्न कुठल्या पोरानं विचारला नव्हता. उत्तर मात्र मला येत होतं.

"आई, तुळस त्यांनी कवाच गिळलीय," मी म्हटलं. "गोंदलं त्याच दिवशी."

मी तिला नीट सांगितलं. गोंदणाची सुई टोचली, काजळी आत गेली, तेव्हा तिथल्या भक्षक पेशींना वाटलं काहीतरी परकं आलं. त्यांनी कण न् कण गिळला. पण काजळी त्यांना पचेना, आणि टाकवेना. पोटात धरून बसल्या तिथल्या तिथं. आपल्याला दिसते ती तुळस म्हणजे त्यांची पोटं आहेत.

"एवढी वर्षं? मरत नाय का त्या?"

"मरतात की. एक मेली की तिच्या पोटातली काजळी सांडते. शेजारची किंवा नवीन आलेली लगेच गिळून घेते. जागा सोडत नाहीत."

आईनं हात उजेडाकडं धरला. मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, हळूहळू, कानापर्यंत.

"म्हंजी सासू गेली की सून," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगदी तसंच. पुस्तकातलं माझं वाक्य यापेक्षा लांब होतं.

तिनं पुढं जे विचारलं ते अगदी मुद्द्याचं होतं: चीर दिल्यावर सगळ्या सुना राहतील का? मी खोटं बोलले नाही. पुवाबरोबर काही जाणार, एखादं पान फिकं पडेल, एखादा ठिपका उडेल. पण बाकीच्या धरून बसतील, आणि मोकळ्या झालेल्या काजळीतली बरीचशी शेजारणी उचलतील.

"थोड्या माहेरी जातील म्हण," आई म्हणाली. मग फोन मागितला. थोरलीला विचारल्याशिवाय ती आजवर काही करत आली नव्हती.

पैठणला मावशीच्या नातसुनेनं व्हिडिओ लावून दिला. मावशीनं आधी फोनमध्ये आपला कान दाखवला, मग कपाळ. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, हात दाखव. आईनं हात फोनसमोर धरला. तिकडं मावशीनं आपला हात फोनवर असा टेकवला की आमच्या पडद्यावर नुसता अंधार झाला. दोघीही काही क्षण तशाच, फोनच्या दोन बाजूंनी हात जोडून. आतून मावशीचा आवाज आला, "जुळलं का गं?"

"काय दिसंना अक्का."

"मग काप म्हण. दिसायला तर पायजे तू हळदीला. आन् रडू नको, जत्रंत रडली तशी."

"जत्रंत तू रडली व्हती."

"तू."

हा वाद मी जन्मले त्याच्या आधीपासून चालू आहे. मी फोन काढून घेतला आणि डॉक्टरला कळवलं की सकाळी येतोय.

सकाळी डॉक्टरनं पेननं हातावर रेघ आखली, वृंदावनाच्या कडेनं, देठाला समांतर. आईनं चष्मा लावून ती रेघ तपासली आणि मंजुरी दिली. भूल द्यायच्या आधी तिनं त्याला बजावलं, "सुनांना धक्का लावू नको." त्याला वाटलं, भांडणाचं काही सांगतेय. मी त्याला सुनांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मॅडम, मी परीक्षेत असं लिहिलं असतं तर मार्क दिले असते?"

"नसते," मी म्हटलं.

पू निघाला, भरपूर. शेवटी चिमट्याच्या टोकाला काट्याचा तुकडा आला, तिळाएवढा. एवढ्याशासाठी इतका गोंधळ, असं मला वाटलं. आईनं तो कापसात गुंडाळून मागून घेतला. कशाला, तर मावशीला दाखवायला. जखम शिवली नाही. आतून भरत यावी म्हणून डॉक्टरनं ती उघडी ठेवली, आत जाळीची पट्टी घातली आणि रोज ड्रेसिंग सांगितलं.

फ्रिजवर अजून एक यादी लागली. गोळ्या, ड्रेसिंग, ताप. आईला त्या यादीची गरज नव्हती. तिच्या बातम्या तिच्याकडं तयार असायच्या. हात ठणकला की "सुना भांडायला लागल्या". खाज सुटली की "आज सारवण चालू हाये". हे दुसरं मीच तिला सांगितलं होतं. चिखल खाऊन संपला की याच पेशी आपलं काम बदलतात. भांडायच्या हाका बंद, आता बांधकामाच्या हाका. नव्या रक्तवाहिन्या, नवे धागे, वरून नवी कातडी. ज्या तापल्या होत्या त्याच आता घर नीट करायला लागतात. आईला यात काहीच नवल वाटलं नाही. सुना अशाच असतात म्हणाली, आणि माझ्याकडं बघून पुढं म्हणाली, काही काही सोडून.

ड्रेसिंगला गेलो की डॉक्टरही आत येताच विचारायचा, "आजी, सुना काय म्हणतात?" वेटिंगमधल्या बायका कान टवकारायच्या. एकीनं तर मला हळूच विचारलं की म्हातारीला सुनांचा त्रास आहे का. मी म्हटलं, नाही हो, सगळ्या हातातल्या आहेत.

दरम्यान लग्नाची कामं थांबली नव्हती. गुलमंडीच्या बाजारात आहेराच्या साड्या घेताना आई पट्टी बांधलेला हात दुकानदाराच्या गादीवर ठेवून बसायची आणि घासाघीस मात्र दोन्ही हातांच्या जोरानं करायची. जखम भरत आली. लाली उतरली. हळदीच्या आधी शेवटची पट्टी निघाली तेव्हा आम्ही तिघी वाकून बघत होतो, आई, मी आणि नवरी.

तुळस होती. एक पान फिकं पडलं होतं, दोन ठिपके गायब. पण भरताना कातडी ओढली गेली होती आणि तिच्याबरोबर सगळं चित्र कोपराकडं सरकलं होतं, देठ मध्येच किंचित वाकलेला. लेक म्हणाली, "आजी, तुळस वाऱ्यावर हलतेय."

आई हसली, पण मला तिची नजर कळत होती. ती मनातल्या मनात शेजारी मावशीचा हात ठेवून बघत होती.

हळदीच्या सकाळी नळ वेळेवर आला, टाकी काठोकाठ भरली, आणि माझ्या यादीतल्या पहिल्या ओळीवर टिक झाली. मावशी पैठणहून आली ती नव्या लुगड्यात, नातसुनेचा हात धरून. आल्याआल्या तिनं आधी पाणी मागितलं नाही, आईचा हात मागितला. बघितला, आणि आत गेली. काट्याचा तुकडा मात्र तिनं दोनदा बघितला.

गच्चीवर मांडवाखाली दोघी बसल्या, नेहमीसारख्या. मावशी आधी टेकली, मग आई तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून. दोघींनी हात मांडले आणि एकमेकींना भिडवले.

जुळलं नाही. मावशीच्या वृंदावनाचा काठ एकीकडं, आईचा अर्ध्या बोटानं मागं. मंजिऱ्यांचं टोक कुठल्या कुठं. बायकांची गाणी अडखळली. मी हळदीची वाटी धरून उभी होते आणि यासाठी माझ्या यादीत ओळ नव्हती. लेकीनं बोट हळदीत बुडवलेलं होतं, ते तसंच हवेत थांबलं. आईनं हात मागं घ्यायला सुरुवात केली.

मावशीनं तिचं मनगट धरलं. "पळतीस कुठं? तुही तुळस मागं गेली ना? मग तू पुढं सरक."

आई म्हणाली, "तू थोरली हायेस अक्का."

हे नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. पंगतीला, देवळात, गाडीत चढताना, कुठंही मावशी आधी आणि आई तिच्या मागं. मी आईला कधी मावशीच्या पुढं पाऊल टाकताना पाहिलं नव्हतं. मावशीलाही ते ठाऊक होतं.

"थोरली म्हणूनच सांगती," मावशी म्हणाली. "सरक म्हणलं ना."

आई सरकली. आधी नुसता हात, पण हातानं भागेना, तेव्हा सतरंजीवर अंग उचलून अर्धं बोट पुढं. वृंदावनाचे दोन काठ भिडले. देठ जरा वाकडा राहिला, पण मंजिऱ्या टोकाला एकत्र आल्या. मावशीनं वाकून बघितलं, दुसऱ्या हाताच्या बोटानं जोडावरून एकदा रेघ ओढून पाहिली, आणि मान हलवली. "वळखू येती," ती म्हणाली. कुठं ओळखू येते, ते आई, मावशी आणि मी, आम्हा तिघींनाच कळलं. म्हणजे रिक्षात बोलून दाखवलेली भीती आईनं मावशीलाही सांगितलेली होती.

लेकीनं जोडावर हळदीचं बोट लावलं. गाणी पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा मोठ्यानं. फोटोवाल्यानं चार फोटो काढले आणि सगळ्यांत आई अर्धं बोट पुढं बसलेली आहे, मान ताठ, पदर डोक्यावर. इतक्या वर्षांत मी तिचा असा फोटो पाहिला नव्हता.

मग नवरीला हळद लावायला बायकांची रांग लागली. मी खाली जाऊन पाहुण्यांचा चहा टाकून, केटररला फोन करून, परत वर आले तरी दोघी तिथंच होत्या. मावशीनं हात सोडवून घेतला होता. आई अजून अर्ध्या बोटानं पुढं.

"झालं की आता," मावशी म्हणाली. "ये मागं."

आईनं हळद लागलेला हात मांडीवर नीट ठेवला आणि समोर बघत म्हणाली, "मी आले असते गं अक्का. पण सुना हलू देईनात."